हार्लन्स फोर्डची मोजणी

नावात फोर्ड आहे, म्हणजे नदीचा उतार,
पायी ओलांडता यावं इतकंच पाणी.
नदी मात्र माझ्या आजोबांच्याही आधी
कालव्यात वळवली, मग कालवाही बुजवला,
आणि त्याच्यावरून आता सहा पदरी रस्ता
आमच्याकडे न बघता सिनसिनाटीला जातो.

पूर्वेला आवाज अडवायची भिंत.
ती आवाज अडवत नाही, ऊन अडवते.
पश्चिमेला रेल्वेचा बांध, उत्तरेला
बंद पडलेली पुठ्ठ्याची गिरणी,
दक्षिणेला एक पाटी : पुन्हा या.
ह्यांच्या मधे जे उरलं ते गाव,
अर्धा चौरस मैलही नाही पुरतं.
बावीस वर्षं मी इथे शाळेची बस चालवली.
चौथ्या गिअरची गाठ पडली ती गावाबाहेरच.

सरकारदरबारी नोंद आहे :
पाण्याखालील क्षेत्र शून्य पूर्णांक शून्य एक.
ते म्हणजे गिरणीमागचं डबकं. दोन बदकं,
आणि सुपरमार्केटची एक ढकलगाडी, उलटी.

यंदा मोजणीचं काम मला मिळालं.
गळ्यात ओळखपत्र, हातात सरकारी फोन,
पायात बसवरचेच बूट.
दार उघडतं ते साखळीपुरतं.
मग आतून कुणीतरी म्हणतं,
लॉरेटा आहे गं, बसवाली,
तेव्हा कुठे साखळी निघते.

एल्म गल्लीत केंटकीच्या डोंगरातले,
गिरणीसाठी आले होते. गिरणी गेली, ते राहिले,
कारण तोवर घराचे हप्ते फिटत आले होते.
टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर
मॉरिटानियाचे अकरा जण, खाटा सहा.
हमादी सॉव म्हणाला, इथे कोण राहतं
ते घड्याळ बघून सांगावं लागेल.
वंशाच्या रकान्यापाशी तो थांबला :
आमच्याकडे ह्याच रकान्यापायी
रातोरात नदीपार हाकललं.
तुम्ही तो आरामात विचारता, चहा पीत.
मी पेला खाली ठेवला.
त्याने पुन्हा भरला.

पबित्रा ढकालची वेगळीच तऱ्हा.
भूतानात आम्ही नेपाळी, नेपाळात भूतानी,
आणि इथे 'इतर आशियाई'.
इतर म्हणजे कोण?
मी म्हटलं, उरलेले.
ती इतकी हसली की सासरे उठून बाहेर आले.
मग आम्हीच, म्हणाली. लिही.

चर्चमागच्या घरात ग्वाटेमालाचं कुटुंब.
आजीला फक्त माम येते, आईला माम आणि स्पॅनिश,
मुलीला स्पॅनिश आणि माझी भाषा.
माझा प्रश्न आजीपर्यंत दोन पायऱ्या उतरून गेला,
आत बराच वेळ बोलणं झालं,
कुणाचं तरी नाव निघालं, कुणी डोळे पुसले,
आणि परत वर आलं ते एवढंच :
सहा.

चार वेळा गेले तरी एक दार उघडलंच नाही.
पडदा हलला. शेजारणीने सांगितलं, तिघं असावेत.
'असावेत'साठी फोनमध्ये बटण आहे.

व्हर्लिन स्टकीकडे मी मुद्दाम शेवटी गेले.
नियम असा की एक एप्रिलला जो जिवंत, तो धरायचा.
ओपल त्याच दिवशी गेली. दुपारी चारला.
मी नियम एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.
दिवसाचा कुठलाही तुकडा चालतो.
व्हर्लिन म्हणाला, सकाळी तिने अंडं परत पाठवलं होतं,
कच्चं राहिलंय म्हणून.

घरात माणसं किती?
तो खुर्चीकडे बघत राहिला.
मीच लिहिलं, दोन.
तिचं वय?
अठ्ठ्याहत्तर.
घर स्वतःचं की भाड्याचं?
तिचं, म्हणाला. मी तिच्याकडे राहतो.